लातूरची खोली ते गुवाहाटीचं हॉस्टेल: एका मुलाला लांब पाठवतानाची पूर्ण केस

ही केस माझ्या भाच्याची आहे. त्याला आणि ताई-दाजींना विचारूनच लिहितेय, नाव-गाव मात्र मुद्दाम देत नाही. मी लातुरात ज्युनिअर कॉलेजला शिकवते, त्यामुळं दरवर्षी जून-जुलैत हे बघायला मिळतं, लेकराला कुठंतरी लांब चांगल्या कॉलेजात सीट लागते, पेढे वाटून होतात, सत्कार होतात आणि मग सगळं घर बॅगा, गाद्या, बादल्या घेत बाजारात फिरत असतं. सामान काय, तिथं पण मिळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की बारावीच्या दोन वर्षांत आपण लेकराच्या हातातून अभ्यास सोडून बाकीचं सगळं काढून घेतलेलं असतं, आणि ते परत त्याच्या हातात द्यायला जायच्या आधीचे दीड-दोन महिनेच काय ते मिळतात. या केसमध्ये आम्ही ते महिने कसे वापरले ते लिहिते.

आधी घरची परिस्थिती. ताईचं सासर धाराशिव जिल्ह्यात, कर्नाटक सीमेकडं, सोयाबीन आणि तुरीची कोरडवाहू शेती. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मुलाला लातूरला आणलं, उद्योग भवनाच्या ट्यूशन एरियाजवळ एक खोली भाड्यानं घेतली आणि ताई त्याच्यासोबत येऊन राहिली, दाजी, सासूबाई आणि धाकटी मुलगी गावाकडं. लातुरात हे काही वेगळं नाही. बीड, नांदेड, परभणी, धाराशिवकडच्या कितीतरी आया अशाच एका खोलीत एक गॅस, एक कुकर आणि एक कॉट टाकून दोन-दोन वर्षं काढतात, स्वतःचं घर, शेत, सासू-सासरे सगळं मागं ठेवून. या कष्टाला कुणी नावं ठेवलेली मला चालत नाही. पण त्या खोलीत आपोआप एक वाटणी होऊन जाते, लेकरानं अभ्यास करायचा आणि उरलेलं सगळं आईनं. पाचला उठवायचं, गरम पाणी काढायचं, डबा, कपडे, क्लासची फी, घरमालकाशी बोलणं, मोबाईल रिचार्ज, दवाखाना. माझा भाचा इंटिग्रेशनची गणितं तोंडी सोडवायचा पण सतरा वर्षांचा होऊन त्यानं कधी एकट्यानं एटीएममधून पैसे काढलेले नव्हते. त्यात त्याचा काही दोष नाही, वेळच दिला नव्हता कुणी.

आणि या केसमध्ये एक जास्तीची गोष्ट होती, त्याला लहानपणापासून दमा. फार नाही, पण धूळ, पावसाळी हवा, सर्दी झाली की छाती वाजते. दोन इन्हेलर आहेत, एक रोज घ्यायचा, एक त्रास झाला तर.

मे महिन्यात आयआयटीच्या प्रवेशाच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डचा पेपर झाला त्याच आठवड्यात मी ताईला म्हणलं की रिझल्ट काही लागू दे, नागपूर लागो नाहीतर अजून कुठं, हे घरी राहणार नाही हे नक्की आहे, तर आतापासून एकेक गोष्ट त्याच्याकडं देऊ. ताईला पटलं नाही. तिचं म्हणणं, दोन वर्षं लेकरू झिजलंय, आता तरी आराम करू दे. दोघींचं बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं की झोपू दे, खेळू दे, सिनेमा बघू दे, पण त्याची स्वतःची जी कामं आहेत ती त्यानंच करायची, आपण सोबत जायचं पण तोंड उघडायचं नाही. हे तोंड न उघडणं ताईला फार जड गेलं.

पहिलं काम आयतंच मिळालं. आयआयटी-एनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रवेशाला ओबीसी नॉन-क्रिमीलेअरचं सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. राज्याचं जे तीन वर्षं चालतं ते तिथं चालत नाही. मार्चमध्ये काढून ठेवलेले, नाहीतर राज्याचाच नमुना घेऊन बसलेले पालक मी दरवर्षी बघते, तर हे ज्यांना पुढं लागणार आहे त्यांनी आत्ताच लक्षात ठेवा. भाच्याला तालुक्याच्या सेतू केंद्रात एकट्याला पाठवलं. पहिल्या खेपेला वडिलांच्या शाळेच्या टीसीची झेरॉक्स राहिली म्हणून परत आला, दुसऱ्यांदा नमुना चुकला. दाजींच्या एका फोनवर काम झालं असतं, पण त्यांनी तो केला नाही, आणि मला दाजींचं फार कौतुक वाटलं. तिसऱ्यांदा तो सर्टिफिकेट घेऊन आला आणि त्यानं स्वतःहून एक फोल्डर केला, सगळ्या कागदांचा, मोबाईलमध्ये पण आणि प्लास्टिकच्या फाईलमध्ये पण. तो फोल्डर पुढं काउन्सिलिंगला (म्हणजे सीटा वाटायच्या वेळी), हॉस्टेलच्या फॉर्मला, फी माफीला सगळीकडं कामाला आला आणि कुठला कागद कुठं आहे हे घरात फक्त त्यालाच माहीत होतं.

काउन्सिलिंगमध्ये ताईचं मन नागपूरकडं होतं. एनआयटीत निम्म्या सीटा त्याच राज्यातल्या मुलांना असतात, महाराष्ट्राला तो फायदा फक्त नागपूरच्या व्हीएनआयटीत मिळतो, त्यामुळं तिथं लागायची शक्यता चांगली होती आणि लातूरहून नागपूर म्हणजे एका रात्रीचा प्रवास. पोराला मात्र गुवाहाटीची आयआयटी पाहिजे होती. कॉलेजांच्या पसंतीची लिस्ट कुणी भरायची यावर घरात दोन दिवस अबोला होता. मी इथं त्याच्या बाजूनं उभी राहिले, कारण लांब जाणाऱ्या लेकरानं तिथलं पहिलं वाईट वर्ष काढायचं असेल तर ही जागा माझी मी निवडलीय हे त्याला आतून माहीत पाहिजे. आईबापानं निवडलं की प्रत्येक वाईट दिवसाचा राग फोनवर आईबापावरच निघतो. त्यानं गुवाहाटी वर टाकली, लागली, आणि त्यानं फ्रीज केलं, म्हणजे तीच सीट पक्की केली.

आता दम्याचं. या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो.

जूनमध्ये त्याला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, कोणतं औषध घेतोस. तो म्हणला, निळा आणि दुसरा केशरी. नाव? आईला माहीत आहे. किती पफ? आई सांगते तेवढे. मागचा मोठा अटॅक कधी आला होता? त्यानं ताईकडं बघितलं. ताई सांगायला लागली तशी डॉक्टरांनी हात करून तिला थांबवलं. ही परिस्थिती एका हुशार मुलाची, ज्याला स्वतःच्या छातीत रोज काय जातं ते माहीत नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी तासभर दिला. निळ्यात साल्ब्युटामोल, तो त्रास झाल्यावर लगेच आराम देणारा. केशरीवाला रोजचा, बरं वाटत असलं तरी बंद करायचा नाही, घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. निळा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागायला लागला तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरला दाखवायचं, वाट बघत बसायचं नाही. बोलताना वाक्य पूर्ण होईना, निळ्यानं पण आराम पडेना, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रूममेटला उठवून दवाखान्यात जायचं. हे सगळं एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं, औषधाची मूळ नावं टाकून, कारण ब्रँडचं नाव तिकडच्या मेडिकलमध्ये मिळेलच असं नाही. आणि गुवाहाटीच्या हवेबद्दल बोलले. आपला मराठवाडा कोरडा, ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथलं हे पोर, आणि तिकडं ब्रह्मपुत्रेच्या काठावर महिनोन्‌महिने ओल, कपडे वाळत नाहीत, भिंतीला, गादीला बुरशी धरते आणि दम्याला बुरशीच वाईट. तर वापरलेली जुनी गादी घ्यायची नाही, चादर-उशीची खोळ आठवड्याला गरम पाण्यात धुवायची, ओले कपडे खोलीत वाळत घालायचे नाहीत, कॉट भिंतीपासून थोडी सरकवून ठेवायची.

त्यानंतर घरी रोज एक गोष्ट चालू झाली. ताईनं इन्हेलर आणून द्यायचा नाही, आठवण करायची नाही. सुरुवातीला तो विसरला, एकदा तीन दिवस सलग विसरला. ताईचा जीव खालीवर व्हायचा, मला फोन करून रडायची, पण तिनं पाळलं. मग त्यानं दात घासायच्या ब्रशजवळ इन्हेलर ठेवला आणि विसरणं थांबलं. हे ब्रशचं मी नाही सांगितलं, डॉक्टरांनी नाही सांगितलं, त्याचं त्यानं काढलं. आईचं लक्ष असताना, दवाखाना दहा मिनिटांवर असताना तीन दिवस विसरणं परवडतं. तेच विसरणं तिकडं पहिल्यांदा झालं असतं तर?

पैशाचं बोलणं दाजींनी केलं, मी नव्हते, नंतर भाच्यानंच सांगितलं. त्याच्या डोक्यात होतं की आयआयटीची फी म्हणजे शेत विकावं लागणार, आणि मी नापास झालो तर सगळं गेलं. दोन वर्षं हे डोक्यात घेऊन अभ्यास करत होता आणि कुणाला बोलला नव्हता. दाजींनी एका संध्याकाळी पासबुक समोर टाकलं आणि आकडे सांगितले. आयआयटीची ट्यूशन फी वर्षाला २ लाख आहे, पण घरचं उत्पन्न १ ते ५ लाखांच्या मधे असेल तर त्यातली दोन तृतीयांश माफ होते, १ लाखाच्या खाली असेल तर पूर्ण माफ. म्हणजे आपल्याला वर्षाला ६७ हजारांच्या आसपास, वर हॉस्टेल, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च. एवढे आपल्याकडं आहेत, एवढे बँकेचं कर्ज काढायचे, शेताला हात लावायचा नाही. आणि म्हणाले, एखादा विषय राहिला तर राहू दे, पण मला पहिल्यांदा सांग, दुसऱ्याकडून कळायला नको. दाजी जास्त बोलणारे नाहीत, या दोन वाक्यांना त्यांना वर्षभराचं बळ लागलं असणार. मला विचाराल तर लेकराला घरचे आकडे सांगितलेच पाहिजेत. आकडा माहीत नसला की भीती कितीही मोठी होते, आणि माहीत असला की पोर महिन्याच्या खर्चाचा पण विचार करायला लागतं.

खात्याची एक अडचण लिहून ठेवते, बऱ्याच घरात येणार आहे. त्याला अठरा पूर्ण व्हायचे होते सप्टेंबरमध्ये, म्हणजे तिथं गेल्यावर. बँकेतलं खातं होतं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला म्हणून, आईच्या सहीचं. अठरा पूर्ण झाले की बँक नवीन सही आणि कागद मागते, आणि शाखा असते गावाकडं. म्हणून जायच्या आधीच शाखेत जाऊन काय लागेल ते त्यानं विचारून घेतलं आणि लिहून आणलं. सोबत एवढं पण सांगितलं की पोलीस किंवा सीबीआयच्या नावानं व्हिडिओ कॉल आला, डिजिटल अरेस्ट वगैरे म्हणाले, तर फोन ठेवायचा, असली अटक कायद्यात नसतेच, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवायचं.

कपडे धुणं, बटण लावणं, मेसच्या वेळा पाळणं हे लवकर जमलं, त्यावर जास्त लिहीत नाही. खाण्याचं थोडं सांगते. पोर भाकरीवर वाढलेलं, तिकडं भात जास्त आणि स्वयंपाकात मोहरीचं तेल, त्याचा वास नवीन माणसाला नाकात बसतो. ताईनं जुलैमध्ये मोहरीच्या तेलाची बाटली आणून दोन-चार भाज्या त्यात केल्या. सासूबाई जेवल्या नाहीत, पण पोराची सवय झाली. शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर दिली. आणि जाड रजया परत केल्या, कारण आपल्याकडं नॉर्थ-ईस्ट म्हणलं की बर्फच डोळ्यासमोर येतो, गुवाहाटीत बर्फ पडत नाही, जानेवारीत रात्री दहा-अकरा डिग्री, म्हणजे आपल्याइतकीच थंडी. मच्छरदाणी जास्त गरजेची.

उजेडाचं मात्र कुणी सांगत नाही म्हणून सांगते. गुवाहाटी लातूरच्या पंधरा अंश पूर्वेला आहे आणि घड्याळ एकच, म्हणजे सूर्य तासभर आधी उगवतो, आधी मावळतो. जुलैत पाचच्या आत उजाडतं, डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य गेलेला असतो, आपल्याकडं पावणेसहापर्यंत ऊन असतं. नवीन जागा, ओळखी कमी आणि साडेचारला अंधार, यानं मन उदास होतं. त्यानं आधीच ठरवून ठेवलं की संध्याकाळी खोलीत बसायचं नाही, ग्राउंडवर नाहीतर लायब्ररीत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर आणि १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाईनचा नंबर त्याच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेतला. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

भाषेची त्याला लाज होती. सेमी इंग्लिशचं पोर, इंग्रजी वाचायला पक्कं, बोलायला अडखळतं, आणि हिंदी आपली मराठवाड्याची, हैदराबादी वळणाची. मी त्याला म्हणलं तिथं तेलंगणाची पोरं भेटतील त्यांना तुझी हिंदी घरची वाटेल. तसंच झालं, पहिला दोस्त करीमनगरचा मिळाला.

ताईची तयारी वेगळी करावी लागली. दोन वर्षं तिचा दिवस त्याच्या अलार्मनं सुरू व्हायचा, आता गावाकडं परत जायचं आणि तिथं तिच्याशिवाय घर चालायला लागलेलं. फोन किती वेळा करायचा यावरून वाद झाला, तिला दिवसातून तीनदा पाहिजे होता. ठरलं असं की रोज रात्री त्यानं नुसता जेवलो म्हणून मेसेज टाकायचा आणि रविवार-बुधवार नीट बोलायचं, मधे ताईनं लावायचा नाही, अगदीच राहवलं नाही तर मला लावायचा. मला बरेच आले.

सोडायला कुणी जायचं यावर माझं मत होतं की दोघांनी जावं. आईनं त्याची खोली, मेस, दवाखाना कुठं आहे हे डोळ्यांनी बघितलं की घरी बसून काळजी करताना निदान खरी जागा डोळ्यासमोर असते. मुद्दाम रेल्वेनं गेले, लातूर-मुंबई एक रात्र आणि लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पुढं अजून दोन रात्री, कारण पुढं त्याला हाच प्रवास एकट्याला करायचाय. तिकीट, बर्थ, जेवण, गुवाहाटीला उतरून सराईघाट पुलावरून पलीकडं जायची गाडी ठरवणं, सगळं त्याच्याकडं. तिथल्या हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत, लोहित, कपिली, मानस, दिहिंग, धाकटीनं ती आधीच नकाशात शोधून पाठ केलेली. रजिस्ट्रेशनच्या रांगेत तो उभा राहिला आणि ताई-दाजी झाडाखाली बसून राहिले. गादीवर चादर पण त्यानंच घातली.

पुढं काय झालं ते पण सांगायला पाहिजे. ऑगस्ट कठीण गेला, बुधवारी-रविवारी फोनवर गप्प बसायचा. सप्टेंबरमध्ये मिडसेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, एका विषयात फार कमी पडले, वर्गातल्या खालच्या पोरांत, आणि हे पोर तर आयुष्यात कधी पहिल्या तिनाच्या खाली गेलेलं नव्हतं. त्यानं दुसऱ्या दिवशी दाजींना फोन केला. दाजींनी विचारलं, जेवलास का, आणि मग विचारलं, आता काय करणार आहेस. त्यानं सीनियरकडून नोट्स घेतल्या, सरांना जाऊन भेटला, एन्डसेमला विषय निघाला, ग्रेड साधाच आला पण निघाला.

ऑक्टोबरमध्ये छाती भरली. आठवड्यात तिसऱ्यांदा निळा लागला म्हणून तो स्वतःच कॅम्पसच्या दवाखान्यात गेला, डॉक्टरांचा तो कागद दाखवला, औषधांची नावं सांगितली, डोस वाढवून घेतला आणि त्याच रात्री मेसेज टाकला, जेवलो, दवाखान्यात जाऊन आलो, आता बरंय. ताईनं मला फोन केला, रडत होती. घाबरलीस का म्हणून विचारलं तर म्हणली, घाबरले, पण त्यानं औषधाची नावं बरोबर लिहिली होती गं.

दिवाळीला आला नाही, तीन दिवस जायला आणि तीन यायला सुट्टी पुरणारी नव्हती. चकली-चिवडा पार्सल गेला. डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपल्यावर एकटा आला, तिकीट दोन महिने आधी, बुकिंग उघडलं त्याच सकाळी त्यानं काढून ठेवलं होतं.

आता धाकटी दहावीला आहे आणि तिला पण लातूरलाच यायचंय. ताई परत खोली घ्यायच्या विचारात आहे. भाचा म्हणतोय घ्या, पण तिचे कपडे तिला धुवू द्या आणि क्लासची फी तिलाच जाऊन भरू द्या, बारावी होईपर्यंत थांबू नका. ताई म्हणते अभ्यासाचा वेळ जाईल. अजून ठरलेलं नाही, मी भाच्याच्या बाजूनं आहे.